उलट्या दिवसाची खोली

“उंदीर आठ दिवसांत माणसाळतो, प्राध्यापकाला वर्ष लागतं.”

हळूकाका हे वाक्य ज्यांच्याबद्दल बोलले त्या समोरच उभ्या होत्या, हातात बाटल्या घासायचा ब्रश घेऊन. विद्यापीठात रुजू होऊन त्यांना अकरा दिवस झाले होते. खोलीच्या दारावर त्यांच्या नावाची पाटी अजून लागली नव्हती. आधीच्या माणसाच्या पाटीची चार भोकं तेवढी होती. सगळे त्यांना नव्या मॅडम म्हणत. उंदरांच्या झोपेवर त्यांचे सहा निबंध छापून आले होते, आणि उंदीर त्यांनी आयुष्यात हातात धरला नव्हता. आकडे दुसऱ्यांचे, उंदीर दुसऱ्यांचे. त्यांचा स्वतःचा होता तो फक्त संगणक.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. हळूकाकांना ती पहिल्याच दिवशी कळली, कारण पिंजऱ्यांच्या रांगेसमोर उभं राहताच मॅडमचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले.

“भीती वाटते?”

“छे.”

“बरं. त्यांना वाटते तुमची,” काका म्हणाले आणि त्यांनी ब्रश पुढे केला. “तोवर बाटल्या घ्या.”

हळूकाकांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. प्राणिगृहाचं दार कुणी ढकललं की आतून पहिला शब्द यायचा तो “हळू.” एकदा कुलगुरू आले, त्यांनाही तो मिळाला, आणि ते बिचारे बाकीची पाहणी चवड्यांवर करून गेले. काकांचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर वडिलांना बाहेर यावं लागे. काकांना घड्याळं जमली नाहीत. सव्विसाव्या वर्षी ते प्राणिगृहात पिंजरे धुवायला लागले, तीन महिन्यांसाठी. तीन महिन्यांचा तो कागद पुढे कुणी फाडला नाही, कुणी वाढवलाही नाही. तो फायलीत झोपी गेला आणि काका तेहतीस वर्षं जागे राहिले. आता निवृत्तीला आठ महिने उरले होते.

सुरुवातीला त्यांचीही गाळण उडायची. ते हातमोज्यांवर हातमोजे घालत. एका म्हाताऱ्या उंदराने दोन्ही थरांमधून चावा घेतला. “तेव्हा कळलं,” काका सांगत, “जाड मोजा उंदराला अडवत नाही. आपल्या बोटांना आंधळं करतो तेवढं.”

नव्या मॅडमना शोधायचं होतं ते असं: म्हाताऱ्या उंदरांची झोप मधे मधे मोडली तर ते ठाऊक असलेली वाट विसरतात का? घरी आईने हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, “मला विचारायचंस. उगाच कशाला त्या जिवांना.” आईला रात्रीतून चारदा जाग येई आणि सकाळी चष्मा कुठे ठेवला ते आठवत नसे. घरात उंदीर निघाला की खाटेवर चढणारी आपली मुलगी आता उंदरांची मास्तरीण झाली, हे ती शेजारणींना सांगत नव्हती. ‘झोपेच्या खात्यात आहे’ म्हणून सांगे.

नोकरी पक्की व्हायची होती जूनमध्ये. त्याआधी स्वतःच्या हाताने केलेला एक तरी प्रयोग पुरा झालेला दाखवायचा, अशी अट होती. एक. सहा छापील निबंध त्यात धरले जात नव्हते. जूनपर्यंत प्रयोग झाला नाही, तर दारावरच्या त्या चार भोकांना आणखी एक माणूस गेल्याचं बघावं लागणार होतं.

आणि प्रयोगासाठी लागते समितीची मंजुरी. मॅडमचा अर्ज तीनदा परत आला. पहिल्यांदा, कारण ‘किती प्राणी’ या चौकटीत त्यांनी ‘साधारण चाळीस’ लिहिलं होतं. ‘साधारण’ला लाल गोल होता. दुसऱ्यांदा, कारण चाळीसच का, हे नव्हतं. मॅडमनी तीन पानांचं गणित जोडलं. तिसऱ्यांदा अर्ज परत आला तो शेवटच्या चौकटीपाशी: ‘प्रयोग संपल्यावर प्राण्यांचं काय होईल?’ ती त्यांनी कोरी सोडली होती.

“काय लिहू तिथे?” बाटल्या घासता घासता त्यांनी काकांना विचारलं.

“काय होणार आहे ते.”

“ते नंतर बघता येईल ना.”

“नंतर बघायला तुम्ही असाल,” काका म्हणाले. “ते नसतील.”

त्या संध्याकाळी मॅडमनी चौकट भरली. एका ओळीचं वाक्य लिहायला त्यांना दीड तास लागला. अर्ज मंजूर झाला.

उंदीर यायच्या आधी तीन आठवडे शिकवणी चालली. त्यात उंदीर कमीच होते. पहिला आठवडा बाटल्या, भुसा आणि जमीन. मग एके दिवशी काकांनी रिकामा पिंजरा समोर ठेवला आणि म्हणाले, “हात घाला. दहा मिनिटं.”

“आत काही नाहीये.”

“म्हणूनच.”

दहा मिनिटं मॅडमचा हात भुशात पडून राहिला. चौथ्या मिनिटाला त्यांना पहिल्यांदा कळलं की आपला हात सतत काहीतरी करत असतो. दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात एक उंदीर होता. तो कोपऱ्यात बसून हाताकडे बघत राहिला, मॅडम त्याच्याकडे, आणि काका दोघांकडे. तिसऱ्या दिवशी तो तळहातावर चढला, करंगळीपाशी थांबला, तिथेच त्याने आपला कार्यभाग उरकला आणि उतरून गेला.

“झालं,” काका म्हणाले. “ओळख झाली.”

उंदीर उचलायला काकांकडे पुठ्ठ्याच्या नळ्या होत्या. नळी पुढे धरायची, उंदीर आपल्या पायांनी आत जातो, नळी उचलायची. मॅडमनी कुठल्याशा चित्रफितीत शेपटीने उचलताना पाहिलं होतं आणि तसं करायला गेल्या. काकांनी मनगट धरलं. तेहतीस वर्षांत त्यांनी एवढीच धसमुसळी गोष्ट केली असेल.

“शेपूट त्याची आहे. तुमची मूठ नाही ती.”

काकांच्या पद्धती मॅडम एका वहीत टिपून ठेवत. काका पिंजरे डोळ्यांनी मोजत नसत, प्रत्येकाच्या कडेवरून बोट फिरवत जात. चिठ्ठीवरचा आकडा स्वतः वाचत नसत, “वाचा बघू,” म्हणत, “तुमची परीक्षा.” पाण्याची बाटली हलवून आवाजावरून सांगत, किती उरलंय. उंदीर आजारी असला तर आधी वास घेत. मॅडमना वाटे, असा गुरू भाग्याने मिळतो. त्यांनी लिहिलं: ‘पाहण्यावर भिस्त ठेवत नाहीत.’ ते अक्षरशः खरं होतं, आणि मॅडमना त्याचा अर्थ कळायला अजून अवकाश होता.

दोन नियम काकांनी शेवटच्या दिवशी सांगितले. पहिला वहीचा. चार नंबरची खोली मॅडमची, तिची लाल पुठ्ठ्याची वही बाहेरच्या बोळकांडीत डाव्या खिळ्यावर. तीन नंबरची खोली सशांची, तिची तशीच लाल वही उजव्या खिळ्यावर. सशांवर काम करणारे प्राध्यापक दुसरीकडे गेल्यापासून तीन नंबर रिकामी होती, पण वही होती. पुठ्ठ्यावर आकडे पंजाएवढे.

“जे घडेल ते वहीत. रोजचं तुम्ही लिहा, तुमचं अक्षर चांगलं. मी लिहीन ते काही वावगं घडलं तरच. आणि वही आपल्या खिळ्यावर.”

“आणि तोंडी सांगितलं तर?”

“तोंडी सांगितलेलं उंदीर खातात,” काका म्हणाले. “तोंडी मी कुणाला काही सांगत नाही. वहीत बघायचं. रोज.”

दुसरा नियम उजेडाचा. चार नंबरमध्ये दिवस उलटा होता. सकाळी नऊला दिवे आपोआप बंद व्हायचे, रात्री नऊला लागायचे. उंदीर अंधारात जागतात. म्हणून त्यांची रात्र आपल्या दिवसावर आणून ठेवायची, म्हणजे माणसांना दिवसाढवळ्या काम करता येतं. त्यांच्या रात्री फक्त लाल दिवा, कारण लाल उजेड उंदरांना जवळपास दिसत नाही. बोळकांडीतही तोच. दाराला आतून काळ्या कापडाचा दुहेरी पडदा होता. काकांच्या बायकोने शिवलेला, सात ठिकाणी उसवून परत शिवलेला, कारण काका सुईच्या भोकातून येणारा उजेडसुद्धा चालवून घेत नसत. भिंतीवर पांढऱ्या दिव्याचं एक बटण होतं, अडीअडचणीसाठी. त्यावर मॅडमनी स्वतः कात्रीने सरळ कापून काळी पट्टी चिकटवली. उंदरांच्या रात्रीत पांढरा दिवा लागला, की त्यांचा दिवस विस्कटला. आणि केव्हा लागला, किती वेळ लागला हे ठाऊक नसेल, तर प्रयोगच विस्कटला.

“याआधी तुमच्याबरोबर कुणी होतं का इथे?” एकदा मॅडमनी विचारलं.

“होता एक. हात कापायला लागले त्याचे. भांडारात पाठवला.”

“मग?”

“मग काय. भांडारात सगळं आधीच मेलेलं असतं. खुर्च्या, कागद, बरण्या. वर्षभर होता. भेटायला गेलो तर म्हणाला, इथे काही श्वास घेत नाही रे.” काकांनी भुसा चाळणीतून पाडला. “मी इथूनच जाणार. आठ महिने म्हणजे काय, उंदराच्या तीन पिढ्या.”

चाळीस उंदीर आले. दीड वर्षांचे, म्हणजे आपल्या हिशोबाने मॅडमच्या आईच्या वयाचे. निम्म्यांची झोप मोडायची, निम्म्यांना सुखाने झोपू द्यायचं, मग सगळ्यांना लाकडी चक्रव्यूहात सोडून वाट आठवते का बघायचं. सात आठवडे सगळं बिनबोभाट चाललं. दोन आठवडे उरले होते. झोप मोडलेले वाटा विसरत होते. आईला हे कळल्यावर ती म्हणाली, “बघ.”

सातव्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी, मॅडम चार नंबरची वही लिहीत असताना आईचा फोन आला. चष्मा सापडत नव्हता. फोन खांद्याने कानाला धरून मॅडमनी वही मिटली, “फ्रिजमध्ये बघितलंस का?” म्हणाल्या, दोन्ही वह्या खाली पडल्या त्या उचलल्या, अडकवल्या आणि गेल्या. चष्मा फ्रिजमध्येच होता.

सोमवारी त्यांना पट्टी दिसली. बटणावर होती, पण त्यांची नव्हती. म्हणजे त्यांचीच, पण एका कडेने हाताने फाडलेली आणि परत दाबून बसवलेली, जरा तिरकी. बुधवारी त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं होतं, तेव्हा ती धड होती.

चार नंबरच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: त्यांच्याकडे, प्राणिगृहाच्या डॉक्टरीणबाईंकडे आणि हळूकाकांकडे. डॉक्टरीणबाई बुधवारपासून परगावी होत्या. म्हणजे उरलं कोण, हे सांगायला सहा निबंध लिहिलेले असायची गरज नव्हती.

मॅडमनी चार नंबरची वही घेतली. गुरुवार: त्यांचंच अक्षर, वजनं, पाणी. शुक्रवार: तेच. शनिवार, रविवार: तेच. काकांचा एक शब्द नाही. ज्या माणसाने लिहा, लिहा म्हणून कान किटवले, तो मूग गिळून बसला होता.

विचारावं, असं त्यांना वाटलं. पण तोंडी काही नाही, हा त्यांचाच नियम. आणि खरं तर त्यांना भीती वाटली की विचारलं तर काका खोटं बोलतील, आणि मग बाटल्यांपासून नळ्यांपर्यंत जे काही शिकलो ते सगळं परत तपासावं लागेल. त्यांनी वहीत लिहिलं: ‘बटणावरची पट्टी फाटलेली आढळली. दिवा लागला असल्यास केव्हा व किती वेळ, माहीत नाही.’ खाली सही केली. त्या सहीला समितीपर्यंत पोचायला एक दिवस लागला. बैठक पुढच्या सोमवारी ठरली.

तो आठवडा दोघांनी त्या लाल अंधारात एकमेकांच्या शेजारी काढला. मॅडम “हो,” “नाही,” “ठेवा तिथे,” एवढंच बोलत. काका नेहमीपेक्षा जास्त हळू वागत होते. मंगळवारी त्यांनी मॅडमसाठी बाहेर चहाचा कप झाकून ठेवला, जे ते कुणासाठी करत नसत.

“मॅडम, एक बोलू?”

“बोला.”

“तुम्ही मनाच्या मोठ्या आहात.”

चोराच्या उलट्या बोंबा त्यांनी ऐकल्या होत्या. चोराने केलेली स्तुती पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“असं?” त्या म्हणाल्या.

“दुसऱ्या कुणी आभाळ डोक्यावर घेतलं असतं,” काका म्हणाले आणि भुशाचं पोतं उचलून आत गेले.

चहा मॅडमनी कुंडीत ओतला. कुंडीतलं झाड आधीच वाळलेलं होतं, त्याला फरक पडला नाही.

बैठकीच्या खोलीत एक लांब टेबल आणि गरजेपेक्षा जास्त खुर्च्या होत्या. अध्यक्ष रसायनशास्त्राचे होते. गेली सहा वर्षं ते प्राण्यांच्या समितीवर होते आणि त्यांनी एकही प्राणी पाहिला नव्हता, पण नियम तोंडपाठ होते. डॉक्टरीणबाई त्यांच्या उजवीकडे. डावीकडे एक निवृत्त शाळामास्तर, बाहेरचे सभासद, जे दर बैठकीत एकच प्रश्न विचारत आणि तो नेमका वर्मी लागे.

“मुद्दा साधा आहे,” अध्यक्ष म्हणाले. “वेळ कळली, किती मिनिटं ते कळलं, तर तो दिवस वगळू आणि एक आठवडा वाढवून देऊ. नाही कळलं, तर चाळीसच्या चाळीस बाद. नवे चाळीस हवेत तर नवा अर्ज.”

“त्याला किती दिवस?” मॅडमनी विचारलं.

“जून उलटून जाईल.”

मास्तरांनी चष्मा पुसला. “म्हणजे हे चाळीस फुकट जाणार?” ते म्हणाले. त्या दिवसाचा प्रश्न संपला.

हळूकाकांना आत बोलावलं. ते धुतलेला सदरा घालून आले होते. दारापासून खुर्चीपर्यंत येताना त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत आणलं. खुर्ची ओढली नाही. उचलून मागे ठेवली आणि बसले.

“चार नंबरचा पांढरा दिवा कुणी लावला, काही माहीत आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“मी लावला.”

मॅडमना वाटलं होतं, नाही म्हणतील, आठवत नाही म्हणतील, कानांवर हात ठेवतील. हे त्यांच्या यादीत नव्हतं.

“तुम्ही लावलात? मग सांगितलं का नाही कुणाला?”

काकांच्या चेहऱ्यावर खरोखर गोंधळ उमटला. “लिहिलंय की.”

“कुठे?”

“वहीत. त्याच मिनिटाला. मॅडमनी वाचलं पण.” त्यांनी मॅडमच्या दिशेने मान वळवली. “त्या काही बोलल्या नाहीत म्हणून मी मनात म्हटलं…”

पुढचं त्यांनी मनातच ठेवलं.

अध्यक्षांनी चार नंबरची वही पुढे सरकवली. “गुरुवारपासूनची पानं आम्ही चारदा बघितली आहेत. यात तुमची एक ओळ नाही. तुम्हीच दाखवा.”

काकांनी वही घेतली. हाताच्या अंतरावर धरली, मग नाकाशी आणली, मग पान खिडकीकडे तिरकं केलं. खोलीत फक्त पान उलटल्याचा आवाज होता, तोही हळू. ते एक पान पुढे गेले, एक मागे आले. बोट ओळींवरून फिरवलं, पिंजऱ्यांच्या कडांवरून फिरवत तसं. पण ओळींना कड नव्हती.

“गुरुवार,” ते म्हणाले. “गुरुवारीच लिहिलंय.”

“हा बुधवार आहे काका,” डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. “वही उलटी आहे.”

मॅडमच्या डोक्यात एक एक करून बरंच काही जागेवर पडत गेलं: ‘वाचा बघू, तुमची परीक्षा.’ ‘तुमचं अक्षर चांगलं.’ बाटलीचा आवाज. कडेवरून फिरणारं बोट. सगळ्यात शेवटी फ्रिजमधला चष्मा आणि खाली पडलेल्या दोन वह्या.

“एक मिनिट,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

प्राणिगृह दोन जिने खाली होतं. बोळकांडीत लाल दिवा जळत होता. डाव्या खिळ्यावर, जिथे पहिले सात आठवडे त्यांची वही असायची, तिथे सशांची वही लटकत होती. पंजाएवढा तीनचा आकडा लाल उजेडात लाल पुठ्ठ्यावर काळा, ठसठशीत दिसत होता. ज्याला दिसतो त्याला. बुधवारी त्यांनी स्वतःच्या हाताने ती तिथे अडकवली होती. त्या स्वतः आकडा बघूनच आपली वही घेत आणि होती तिथेच परत अडकवत, म्हणून त्यांच्या ध्यानात आलं नाही. हळूकाका वही आकड्यावरून ओळखत नव्हते. खिळ्यावरून ओळखत होते.

शेवटच्या पानावर सशांच्या नोंदींखाली, ओळी सोडून तिरकं उतरत गेलेलं मोठं अक्षर होतं:

‘गुरुवार. पिंजरा १७ मधला उंदीर हलत नव्हता. बोट लावलं तरी हलेना. लाल दिव्यात दिसलं नाही. मोठा दिवा लावला ११ वाजून १० मिनिटांनी. उंदीर झोपला होता. म्हातारा आहे. दिवा बंद केला ११ वाजून १४. घड्याळ उजेडात बघितलं आहे, वेळ बरोबर आहे. चूक माझी.’

खाली सही होती, ती अर्धी पानाबाहेर गेलेली.

जिना चढताना मॅडम मधल्या वळणावर थांबल्या. हातात त्यांचा जून होता: चार मिनिटं, वारासकट, वेळेसकट. ते पान म्हणजे काका खोटं बोलत नाहीत याचा पुरावा होता, आणि काकांना दिसत नाही याचाही. फाडून दोन करता येण्यासारखं ते नव्हतं. आपण पान उघडून नुसतं वाचून दाखवलं आणि पुठ्ठा खाली धरला तर, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. तो विचार घेऊन त्या उरलेल्या अकरा पायऱ्या चढल्या.

त्यांनी उभ्यानेच वाचलं. ‘चूक माझी’पर्यंत वाचलं. मास्तरांनी मोठ्याने श्वास सोडला. अध्यक्षांनी चार मिनिटं कागदावर लिहून घेतली आणि त्यांच्या चेहऱ्यावर नियम सापडल्याचा आनंद पसरला.

“उत्तम. गुरुवार वगळा. एक आठवडा वाढीव. प्रयोग चालू.” मग त्यांची नजर वहीवर गेली. “ही वही कुठल्या खोलीची?”

मॅडमनी काकांकडे बघितलं. काका त्यांच्याकडे बघत होते. म्हणजे त्या जिथे उभ्या होत्या त्याच्या जरा डावीकडे. त्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. रिकाम्या पिंजऱ्यात हात घालून बसलेल्या माणसाची दहा मिनिटं मोजतानाचा तो चेहरा होता.

“तीन नंबरची,” मॅडम म्हणाल्या. आणि घाईने म्हणाल्या, “ती चुकीच्या खिळ्यावर मी टाकली होती. बुधवारी. चूक माझी आहे, त्यांची नाही.”

“हो, पण आकडा आहे ना वर,” अध्यक्ष म्हणाले. त्यांनी वही हातात घेऊन सगळ्यांना पुठ्ठा दाखवला. “केवढा आहे बघा.”

सगळ्यांनी बघितला.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरच्या पेल्यातलं पाणी अर्धं प्यायलं. “काका, कधीपासून?”

“दोन वर्षं झाली,” काका म्हणाले. “दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजेडात जेमतेम चालतं. लाल दिव्यात नाही.”

“ऑपरेशन करून घेता येतं हो. महिन्याभरात बरं.”

“करायचं होतं. महिनाभर इथे कोण बघणार होतं?”

यावर कुणाकडे नियम नव्हता. पण पुढच्यावर होता, आणि अध्यक्षांनी तो सांगितला, आवाज शक्य तितका मऊ करून, कारण ते वाईट गृहस्थ नव्हते. अंधाराच्या खोलीत काम करणाऱ्याला लाल दिव्यात दिसायला हवं. आजपासून चार नंबर दुसऱ्या कुणाकडे. काकांना निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने भांडारात. “तिथे ट्यूबलाइट आहेत,” ते म्हणाले. “बारा. मी स्वतः मोजल्यात.”

“सर, निदान हा प्रयोग संपेपर्यंत—” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम,” अध्यक्ष म्हणाले, “तुमचा प्रयोग बचावलाय.”

काका उठले. कमरेच्या गोफातून त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सोडवला. तेहतीस वर्षांत तो कधी वाजला नव्हता. प्रत्येक किल्लीला त्यांनी कापडाची पट्टी गुंडाळली होती, शिवलेली, बारीक टाक्यांची. त्यातली एक किल्ली बोटाने चाचपून त्यांनी वेगळी काढली. चार नंबरची. ती मॅडमच्या समोर ठेवली आणि बाकीचा जुडगा अध्यक्षांसमोर. मग खुर्ची उचलून टेबलाला लावली, कडेवरून बोट फिरवत दारापर्यंत गेले, आणि बाहेर पडले. दार मिटल्याचाही आवाज आला नाही.